स्पेअर फ्यूज आहे का हो कुणाकडे?

सकाळी साडेसात-आठ ही हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, गप्पांची वेळ. चाळीस मीटरच्या पट्ट्यात, सात मेगाहर्ट्झच्या जरासं वर, कुणी पुण्याहून, कुणी सोलापूरहून, कुणी हुबळीहून हजेरी लावतं. कुणाकडे पाऊस पडला, कुणाची अँटेना वानरांनी खाली ओढली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं यथासांग चालतं. अशात एक गृहस्थ मोठ्या उत्साहाने सांगायला घेतात, "मंडळी, काल मी नवीन पॉवर सप्लाय जोडला आणि आता आवाज इतका स्वच्छ..." आणि गप्प. नुसती खरखर. बाकीचे चार-पाच सेकंद वाट पाहतात. मग एक ज्येष्ठ अत्यंत शांतपणे म्हणतात, "फ्यूज गेला."

पुढची वीस मिनिटं चर्चा होते. किती अँपिअरचा असेल, का उडाला असेल, आता त्यांनी काय करावं आणि काय मुळीच करू नये. ज्यांच्यासाठी एवढी विद्वत्ता खर्ची पडते आहे त्यांचा सेट बंद असल्यामुळे त्यांना यातला शब्दही ऐकू जात नाही, याची खंत कुणालाच नसते. उलट समोरचा उलटून बोलू शकत नसल्याने सल्ल्याला चांगला रंग चढतो.

हॅम लोकांच्या विनोदाचे विषय तसे मोजके. शेजाऱ्याच्या स्पीकरमधून आपोआप येणारा आपला आवाज, गच्चीवर खांब उभारू न देणारी सोसायटी, बायको आणि फ्यूज. पहिल्या तिन्हींवर इतर जगही विनोद करतं. फ्यूजवर मात्र मक्ता आमचाच. परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ओहमचा नियम विचारतात, लहरींची लांबी काढायला लावतात, आंतरराष्ट्रीय नियम विचारतात. "तुमचा स्पेअर फ्यूज या क्षणी कुठे आहे?" हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. विचारला तर देशात एकही परवाना उरायचा नाही.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधारण १०० वॅटचा सेट १३.८ व्होल्टवर चालतो आणि बोलायचं बटण दाबलं की वीस-बावीस अँपिअर ओढतो. घरातला दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यावरून अंदाज यावा. त्यामुळे सेटच्या वायरीत पंचविसाच्या आसपासचा फ्यूज असतो, आणि तोही एक नाही, दोन. लाल वायरीत एक, काळीत एक. काळीत कशाला, असं प्रत्येक नवशिक्या विचारतो. त्याचं कारण मोटारीत सापडतं. मोटारीच्या बॅटरीची जमिनीची तार कधी सुटली, तर स्टार्टरचा शेकड्यांनी मोजण्याजोगा प्रवाह परतीची वाट म्हणून सेटची बारीक काळी वायर धरू पाहतो. तो धरण्याआधी फ्यूजने प्राण द्यावा, अशी व्यवस्था आहे. व्यवस्था उत्तम. फक्त तिच्यामुळे संपणाऱ्या फ्यूजांची संख्या दुप्पट झाली आहे.

आता स्पेअर. कुठल्याही हॅमच्या घरी स्पेअर फ्यूज शेकड्याने असतात. हे मी पैजेवर सांगतो. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त अभियंत्यांनी तर घरातला जुना मिसळणाचा डबा त्यासाठी मागून घेतला आहे, आणि या माणसाची दृष्टी मला मानावी लागते. मोटारीत वापरतात त्या दोन पात्यांच्या फ्यूजना अँपिअरप्रमाणे ठरलेले रंग असतात. वाट्या सात, नेहमी लागणारे आकडेही सात. दहाचा लाल, तो तिखटाच्या वाटीत. विसाचा पिवळा, तो हळदीच्या. साडेसातचा तपकिरी, तो जिऱ्याच्या. पाचाचा फिकट भुरा, तो धण्याच्या. तिसाचा हिरवा, तो वेलदोड्याच्या. पंचविसाचा पांढरा, तो मिठाच्या. पंधराचा निळा मात्र कुठल्याच मसाल्याला जुळेना, म्हणून त्याला मधल्या वाटीत बसवून मोकळे झाले. वर स्टीलचं झाकण. पाहुण्यांना हा डबा ते देवघर दाखवावं तसा दाखवतात. एकच गोची आहे. सेटला लागतो पंचविसाचा, आणि त्यांच्या घरात मीठ कायम संपलेलं असतं.

हे सगळ्यांच्याच घरचं दुखणं आहे. एक अँपिअरचे मूठभर मिळतील, अर्ध्या अँपिअरचे ओंजळभर. पंधरा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या सेटचे, काचेचे, जाडजूड, पितळी टोप्यांचे अगदी कोरे करकरीत मिळतील. शिवाय लांबी. काचेच्या फ्यूजमध्ये २० मिलिमीटरचा एक आणि ३२ मिलिमीटरचा एक. दोन्ही दुकानात शेजारी ठेवले तर लहान मूलही फरक सांगेल. पण रात्री अकरा वाजता, टॉर्च दातात धरून, टेबलाखाली उताणं पडलेल्या माणसाच्या हाताला नेहमी दुसऱ्या लांबीचाच लागतो.

याचं मूळ आपल्या एका सवयीत आहे. फ्यूज उडाला की हॅम तो फेकत नाही. "दुकानात दाखवायला नमुना हवा ना," असं म्हणून खिशात टाकतो. खिशातून तो पाकिटात जातो, पाकिटातून टेबलाच्या खणात. मग एके दिवशी खण आवरायचा मुहूर्त लागतो आणि सगळे फ्यूज एका डब्यात पडतात, नवे आणि नमुने दोन्ही. तिथून पुढे तो डबा एक प्रकारची सोडत. पुण्यात तापकीर गल्लीतला दुकानदार सुटा एक फ्यूज देताना असा चेहरा करतो की माणूस आपण होऊनच पुडकं घेतो. त्या पुडक्यातला एक वापरला जातो आणि उरलेले या सोडतीत सामील होतात. जुन्या बाजारात रविवारी अशाच कुणाच्या तरी सोडती डबाबंद विकायला येतात. आमचे लोक त्या घेतातही, वर "शंभर रुपयांत दोनशे फ्यूज" म्हणून मिरवतात. घरी आल्यावर मीटर लावून बसलं की त्यातले निम्मे आधीच कामी आलेले निघतात.

मीटर लावावाच लागतो, कारण काचेचा फ्यूज दिसतो तसा नसतो. अनुभवी माणूस उडालेला फ्यूज उजेडात धरून पंचनामा करतो. काच आतून काळी पडली असेल, चंदेरी मुलामा चढल्यासारखी झाली असेल, तर सरळ शॉर्ट सर्किट. तार एका क्षणात वाफ होऊन काचेला चिकटली. काच स्वच्छ आणि तार मधोमध वितळून तुटलेली असेल, तर भार हळूहळू वाढत गेला. आणि काच स्वच्छ, तार अखंड, तरी सेट मेलेला? मग तार टोपीच्या आत, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी सुटलेली असते. या तिसऱ्या प्रकाराने जितके संसार विस्कटले असतील तितके सासूने विस्कटले नसतील. माणूस फ्यूज पाहतो, "हा तर ठीक आहे" म्हणतो आणि सगळा सेट उघडून बसतो.

त्यात मीटरलाही फ्यूज असतो, हा वरकड विनोद. प्रवाह मोजायच्या भोकात वायर तशीच राहिली आणि कुणी त्याच मीटरने बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलं की मीटरच्या पोटातला फ्यूज हूं की चूं न करता उडतो. पुढे प्रवाह मोजायला जावं तर आकडा शून्य. हॅमला वाटतं सेट प्रवाहच ओढत नाही, आणि तो पुन्हा सगळा सेट उघडून बसतो. मीटरचा हा फ्यूज खास जातीचा आणि महाग असतो. त्याचा स्पेअर मी आजवर कुणाच्याच डब्यात पाहिलेला नाही.

फ्यूजविषयीचा जगभर फिरणारा एक हॅम विनोद असा, की झटपट उडणाऱ्या फ्यूजने राखलेला महागडा ट्रान्झिस्टर स्वतः आधी मरतो आणि फ्यूजचा जीव वाचवतो. ऐकणारे हसतात, पण त्यात अतिशयोक्ती फार थोडी. लोकांना वाटतं दहा अँपिअरचा फ्यूज सव्वादहाला उडतो. तो कसला उडतो! मोटारीतला पातीचा फ्यूज आपल्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त प्रवाह तासन्‌तास सोसतो. पस्तीस टक्के जास्त झाला तरी काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत विचार करतो. दुप्पट झाला म्हणजे मग मनावर घेतो. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टर बारा वेळा मरून बाराव्याला जेवणं झालेली असतात. फ्यूज वायर जळू नये, घराला आग लागू नये म्हणून असतो. ट्रान्झिस्टरला वाचवायचं वचन त्याने कधी कुणाला दिलेलं नाही. हे सगळ्या हॅमना पाठ असतं, तरी सेट जळाला की शिव्या फ्यूजलाच बसतात.

फ्यूज इमानाने वागला असा एक प्रसंग मात्र मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमचा गट सिंहगडावर सेट घेऊन गेला होता. उंचावरून कमी ताकदीत लांबचा माणूस गाठायचा, एवढाच उद्योग. बॅटरी वर आली, तार झाडावर चढली, पिठलं-भाकरीची ऑर्डर गेली, आणि एका माजी प्राध्यापकांनी (ध्रुवता हा विषय त्यांनी तीस वर्षं शिकवला) लाल वायर काळीला आणि काळी लालला लावली. फट्‌ असा अगदी लहानसा, सभ्य आवाज झाला. सेटच्या आत अशा वेळेसाठी एक डायोड बसवलेला असतो. तारा उलट्या लागल्या की तो स्वतः वाट मोकळी करून देतो, प्रवाह एकदम उसळतो आणि फ्यूज जातो. सेट वाचला. सगळ्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापकांनी तोरणा दिसतो का ते पाहिलं.

मग ते ऐतिहासिक वाक्य आलं, "स्पेअर फ्यूज आहे का हो कुणाकडे?"

पिशव्या उघडल्या गेल्या. एकाकडे काचेचे बारीक फ्यूज निघाले, घड्याळ चालेल इतक्या ताकदीचे. एकाकडे किटकॅट फ्यूजला बांधायच्या तारेचं रीळ निघालं, त्यांच्या वडिलांच्या काळचं. तिसऱ्याने पाठपिशवीतून अख्खा एमसीबी काढला, भिंतीवर बसवतात तो, आणि "बत्तीसचा आहे" म्हणून अभिमानाने खडकावर ठेवला. मिसळणाचा डबावालेही होते. त्यांनी डबा आणला होता, अर्थातच. मिठाची वाटी रिकामी होती. हिरवा तिसाचा होता, आणि इथे गटात दोन तट पडले. "तीस चालेल" म्हणणारे तरुण आणि "कंपनीने पंचवीस सांगितलाय तर पंचवीसच" म्हणणारे ज्येष्ठ. वाद पुस्तकापर्यंत गेला, पुस्तक घरी होतं, त्यामुळे तो वाढायला वाव मिळाला. तेवढ्यात पिठलं आलं आणि निवलंसुद्धा.

हे सगळं आमच्या गाडीचा चालक एका दगडावर बसून बघत होता. त्याला रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला हे रंगीत फ्यूज पायजेत का? आपल्या गाडीत हायेत की." वाहनतळावर जाऊन त्याने स्टिअरिंगखालचं झाकण काढून आणलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, खोबणीत, कारखान्यातून आले तसे स्पेअर फ्यूज, आणि ते उपटायचा इवलासा प्लॅस्टिकचा चिमटाही. गटातल्या प्रत्येकाकडे मोटार आहे. आपापल्या मोटारीत हे झाकण आहे हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं. मिसळणाचा डबावाले थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

त्यातला विसाचा पिवळा बसवला, सेटची ताकद साठ वॅटवर आणली आणि दुपार कलता कलता इटलीतला एक माणूस सापडला. त्याने आमचा आवाज पाच-नऊ येतोय असं कळवलं. आमच्या दुनियेत याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. नावं सांगितली, गाव सांगितलं, तिकडे थंडी आहे हे त्याने सांगितलं, इकडे ऊन आहे हे आम्ही सांगितलं. टाळ्या पडल्या. चालक म्हणाला, "एवढंच? हे तर माझी सासू फोनवर रोज बोलती."

त्याला काय उत्तर द्यावं ते आम्हाला सुचेना, कारण शंभर वर्षं झाली तरी ते कुणालाच सुचलेलं नाही. अमेरिकेत १९१४ साली हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी करणारे हायरम पर्सी मॅक्झिम हे बंदुकीच्या सायलेन्सरचे जनक. त्यांच्या वडिलांनी मशीनगन काढली, मुलाने आवाज दाबायचं यंत्र काढलं आणि मग आयुष्यभर बडबड करणाऱ्यांची संघटना चालवली. याच मॅक्झिमनी 'ओल्ड मॅन' या टोपणनावाने संघटनेच्या मासिकात तक्रारखोर विनोदी लेख लिहिले आणि बेशिस्त हॅमना वठणीवर आणायला 'वूफ हाँग' नावाचं एक भीषण शिक्षायंत्र कल्पनेने जन्माला घातलं. पुढे ते लाकडातून खरंच घडवलं गेलं आणि संघटनेने ते मुख्यालयात जपून ठेवलं. स्वतःची टर उडवायची ही परंपरा इतकी जुनी आहे. याच संघटनेने १९३३ साली जूनमध्ये 'फील्ड डे' सुरू केला. घरची वीज सोडून रानात जायचं आणि बॅटरीवर, जनरेटरवर सेट चालवून दाखवायचे. जून महिना त्यांना मानवतो. आपल्याकडे तेव्हा गडावर गेलं तर फ्यूज उडायच्या आधी तंबू उडतो.

ही तालीम वाया जात नाही, हेही लिहायला हवं. २००१ साली भूज हादरलं तेव्हा हॅम सेट घेऊन तिथे पोचले. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांचं पथक जगभरच्या हॅमशी बोलायच्या हौसेने अंदमानात होतं. त्सुनामी आली आणि त्याच सेटवरून पोर्ट ब्लेअरचे निरोप बाहेर जाऊ लागले. सगळी यंत्रणा कोलमडली तरी हॅमचा सेट चालतो, असं आम्ही छाती काढून सांगतो. चालतो खरा. त्याच्या आणि देशाच्या मध्ये फक्त एक दहा-वीस रुपयांचा फ्यूज असतो.

फ्यूजच नसला तर काय, याची उत्तरं जुन्या पिढीकडे भरपूर. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, ही सर्वांत लोकप्रिय. त्यासाठी सिगारेट न ओढणारेही पाकीट बाळगत, निदान घरी असं सांगत. दुसरा उपाय खिळा. तिसरा, नटबोल्ट. एका तरुणाने अशा बोल्टकडे बघून विचारलं, "काका, याचं रेटिंग किती?" काका म्हणाले, "घर." गावाकडे डीपीवर जाड तार पिळून बांधणारे आणि "आता परत नाही उडायचा" असं आश्वासन देणारे वीर याच घराण्यातले. पुन्हा उडत नाही हे खरंच असतं. पुढच्या वेळी थेट ट्रान्सफॉर्मरच उडतो.

दुसऱ्या टोकाला संगीतशौकीन आहेत. त्यांच्यासाठी हजारो रुपयांचे फ्यूज मिळतात आणि काहींवर बाण छापलेला असतो, प्रवाह या दिशेने जावा म्हणून. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा जाऊन परत येते. तिने यातल्या कोणत्या फेरीत बाण पाळायचा ते बाणावर लिहिलेलं नसतं. हॅम मंडळी उदास असली की आम्ही हा विषय काढतो.

आता नवे सेट शहाणे झाले आहेत. गरम झाले, तारा चुकल्या, ताण आला की आपणच ताकद कमी करतात, पडद्यावर तक्रार लिहितात. थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारे फ्यूजही छोट्या यंत्रांत आले. तरी वायरीत दोन फ्यूज असतातच आणि कंपनी खोक्यात स्पेअर फ्यूजची एक पुडी घालतेच, अगदी नेमक्या आकड्याची, जी शोधत आपण गल्ल्या पालथ्या घालतो. ती पुडी कुठे असते? माळ्यावर, मूळ खोक्यात, थर्मोकोलच्या खाचेत. कारण पुढेमागे सेट विकायचा झाला तर सगळं मूळ सामान असलं की किंमत चांगली येते. जुना सेट विकताना हॅम अभिमानाने सांगतो, "मूळ खोका, पुस्तक, माइक, आणि स्पेअर फ्यूजची न फोडलेली पुडी." घेणाराही सेट चालू करून बघायच्या आधी तीच हातात घेतो, उलटसुलट करून सील तपासतो, समाधानाने पुन्हा खाचेत ठेवतो, आणि मग विचारतो, "बरं, हा चालू का होत नाहीये?"